डिलिव्हरी प्लॅटफॉर्म : जाहिरातीची भाषा व कायदेशीर दायित्व

मोबाइल ॲपवर ग्राहकाची मागणी नोंदवून घेऊन उपाहारगृहातील अन्न किंवा दुकानातील माल, कायद्याच्या दृष्टीने ‘स्वतंत्र’ मानल्या गेलेल्या कामगारांकरवी घरपोच करणाऱ्या कंपन्यांना डिलिव्हरी प्लॅटफॉर्म म्हणतात. झोमॅटो, स्विगी, ब्लिंकिट व झेप्टो ही भारतातील प्रमुख नावे होत. अशा कामाला गिग, म्हणजे ठरावीक नोकरीऐवजी खेपेनुसार मोबदला मिळणारे काम, अशी संज्ञा असून नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाने 2020-21 मधील गिग कामगारांची संख्या 77 लाख धरली आणि 2029-30 पर्यंत ती 2.35 कोटी होईल असा अंदाज वर्तवला. या कंपन्या ग्राहकापुढे सेवेच्या कर्त्या म्हणून उभ्या राहतात. मात्र कर, ग्राहकाची नुकसानभरपाई किंवा कामगाराचे हक्क यांचा प्रश्न निघाला की आपण केवळ दोन पक्षांना जोडणारे मध्यस्थ आहोत अशी भूमिका घेतात. या दोन भूमिकांमधील अंतर हाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

जाहिरातीत वेग, आपुलकी आणि स्वातंत्र्य यांवर भर असतो. माल पोहोचवणाऱ्यास ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हटले जाते आणि वाटेल तेव्हा काम करण्याची मुभा हे या कामाचे आकर्षण म्हणून मांडले जाते. प्रत्यक्षात ऑर्डर कोणाला द्यायची, खेपेचा दर किती, इन्सेंटिव्हसाठी किती खेपा पुऱ्या व्हायला हव्यात, हे सर्व ॲप ठरवते. ग्राहकाने दिलेले रेटिंग घसरले किंवा तक्रार आली तर कामगाराचा ‘आयडी बंद’ होतो, म्हणजे कोणत्याही बडतर्फीच्या आदेशाशिवाय त्याचे काम थांबते. दुचाकी, पेट्रोल, मोबाइल आणि अपघाताचा धोका मात्र त्याच्याकडेच राहतो. ऑगस्ट 2021 मध्ये झोमॅटोच्या एका जाहिरातीत भर पावसात आलेला कामगार, अभिनेता हृतिक रोशनसोबत सेल्फी घेण्याची संधी समोर असताना, पुढच्या ऑर्डरची सूचना येताच समाधानाने निघून जातो. या चित्रणावर तीव्र टीका झाली, कारण क्षणभरही न थांबण्याची सक्ती तिथे कामगाराच्या सेवाभावाचे रूप घेऊन आली होती. मार्च 2022 मध्ये त्याच कंपनीने दहा मिनिटांत अन्न पोहोचवण्याची योजना जाहीर केली. दहा मिनिटांचे हे वचन कंपनीने दिले, परंतु रस्त्यावर ते पाळायचे होते ते कंपनीने आपला नोकर न मानलेल्या माणसाने.

ही विसंगती सर्वांत उघडपणे करविषयक वादात दिसली. ग्राहकाकडून घेतल्या जाणाऱ्या डिलिव्हरी शुल्कावर वस्तू व सेवा कर कोणी भरायचा, या प्रश्नावर झोमॅटोची भूमिका अशी होती की हे शुल्क कंपनी कामगारांच्या वतीने गोळा करते आणि पोहोचवण्याची सेवा ग्राहकाला देतो तो कामगार, कंपनी नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये ठाणे येथील केंद्रीय वस्तू व सेवा कर कार्यालयाने ऑक्टोबर 2019 ते मार्च 2022 या काळासाठी दंडासह सुमारे 803 कोटी रुपयांची मागणी करणारा आदेश काढला, त्याविरुद्ध अपील करणार असल्याचे कंपनीने जाहीर केले. झोमॅटोचा युक्तिवाद मान्य केला तर ज्या डिलिव्हरीच्या जोरावर कंपनीचे नाव घरोघरी पोहोचले, ती डिलिव्हरी कंपनी देतच नाही असे मानावे लागते.

ग्राहक कायद्यातील उदाहरण पुण्याचे आहे. पनीर बटर मसाला मागवलेल्या ग्राहकाला दोनदा बटर चिकन मिळाल्याच्या तक्रारीत प्लॅटफॉर्मने चूक उपाहारगृहाची असल्याचे म्हटले. परंतु पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंचाने 2019 मध्ये दोघांनाही जबाबदार धरून 55 हजार रुपये देण्यास सांगितले. पुढे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी स्वतःचा साठा विकणारी संस्था आणि इतरांच्या विक्रीला केवळ जागा देणारी ‘मार्केटप्लेस’ संस्था असा भेद केला. मध्यस्थ असल्याचा दावा याच भेदावर उभा राहतो.

मालकाने मालकपण नाकारण्याची ही रीत नवी नाही, आणि तिचा भारतीय इतिहास मध्य प्रदेश व विदर्भाच्या विडी उद्योगात सापडतो. बालाघाट आणि त्याला लागून असलेला गोंदिया जिल्हा हा तेंदूपानांचा व विडी वळण्याचा पट्टा आहे. या धंद्यात कारखानदार तंबाखू व पाने ‘सट्टेदारा’ला, म्हणजे ठरलेल्या दराने विड्या पुरवणाऱ्या मध्यस्थाला, देत असे आणि वळणाऱ्या हातांशी आपला संबंध नाही असे म्हणू शके. सागर येथील कारखान्यासंबंधीच्या चिंतामण राव खटल्यात (1958) सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कारखाना कायद्यातील कामगार नव्हेत, असे ठरवले. उलट नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात (1961) कारखान्यात बसून नगावर विड्या वळणारे लोक कामगार ठरले, कारण त्यांची हजेरी नोंदली जाई आणि कमअस्सल विडी नाकारण्याचा अधिकार मालकाकडे होता. पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे खटल्यात, वळणारा मनाला येईल तेव्हा येऊ-जाऊ शकतो, या कारणावरून बहुमताने त्याला कामगार मानण्यास नकार दिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवले. ‘हवे तेव्हा लॉग-इन करा’ या आजच्या आश्वासनातून निघणारा कायदेशीर लाभ नेमका हाच आहे. विडी कामगारांचा प्रश्न अखेर न्यायालयाने नव्हे, तर संसदेने हाताळला : 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्यांनाही कामगाराच्या व्याख्येत घेतले आणि कंत्राटदाराआड असलेल्या मूळ मालकावर दायित्व टाकले. सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये हा कायदा वैध ठरवला.

गिग कामगारांबाबत संसदेने निराळा मार्ग धरला. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून तीत गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करून कमावणारी व्यक्ती अशी आहे. ॲग्रीगेटरने, म्हणजे प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपनीने, वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या वा देय रकमेच्या 5 टक्क्यांहून अधिक नाही इतका, वाटा कल्याण योजनांसाठी द्यावयाचा आहे. विमा व कल्याण निधीचा मार्ग यामुळे खुला झाला, हे महत्त्वाचे आहे. मात्र नोकर नसल्याचा जो दावा कंपन्या करारात लिहून घेत होत्या, तोच कायद्याच्या व्याख्येत आल्याने किमान वेतन व कामाचे तास हे प्रश्न बाहेरच राहिले. विडी कामगारांना 1966 मध्ये जे मिळाले, त्या मानाने हे पाऊल आखूड आहे.

परदेशातील निकालही एका दिशेने जात नाहीत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये कराराच्या शब्दांऐवजी प्रत्यक्ष नियंत्रण पाहून उबरच्या चालकांना ‘वर्कर’ ठरवले. त्याच न्यायालयाने 2023 मध्ये डिलिव्हरू या डिलिव्हरी प्लॅटफॉर्मच्या रायडरना, ते आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतात या मुद्द्यावर, सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाकारला. स्पेनने 2021 मध्ये रायडर हे नोकरच आहेत असे कायद्याने गृहीत धरले.

भारतात राज्यपातळीवर राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी पहिला स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्याने कल्याण निधीबरोबरच नियंत्रणाच्या प्रश्नालाही हात घातला : कामगाराचे काम बंद करण्यापूर्वी लेखी कारणे व 14 दिवसांची सूचना देणे कंपनीवर बंधनकारक असून, स्वयंचलित यंत्रणा कामाचे वाटप कशाच्या आधारे करते याची माहिती मागण्याचा हक्कही कामगाराला आहे.