अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास : ‘फुप्फुसांचं इंजेक्शन’ कधी, कुठे आणि का?

नंदगड : “बाळ काचेत ठेवलंय” एवढंच घरच्यांना कळतं. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पहिली झुंज बहुधा श्वासाशी असते, आणि तिची तयारी जन्माआधीच करावी लागते.

फुप्फुसांतले बारीक फुगे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट या द्रवाचा पातळ थर लागतो. तो पुरेसा व्हायला साधारण ३४ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेलं बाळ कण्हतं, नाकपुड्या फुलवतं, श्वासागणिक छाती आत ओढतं. मिनिटाला ६० च्या वर श्वास हेही धोक्याचं लक्षण. (सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही, ही समजूत साफ चुकीची. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच.)

दवाखान्यात अशा बाळाला नाकातून दाबाची हवा, म्हणजे सीपॅप, देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर सर्फॅक्टंटच श्वासनलिकेत सोडतात. ते महाग, आणि सगळीकडे मिळत नाही. त्या मानाने आईला आधी द्यायचं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन अगदी स्वस्त : ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी. गर्भाची फुप्फुसं अशा प्रकारच्या औषधानं लवकर तयार होतात, हे १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं.

मग ते गावोगावी का देऊ नये? याचं उत्तर शोधण्यात बेळगावचा वाटा मोठा आहे. सहा देशांतल्या ‘ॲक्ट’ चाचणीत बेळगाव आणि नागपूर परिसरातली गावं होती. निकाल धक्कादायक निघाला : अगदी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू हजारी ३.५ ने वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं तेवढी लहान नव्हतीच. गावपातळीवर दिवसांचा हिशेबही नेमका नसतो.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत पुन्हा चाचणी घेतली. त्यातही बेळगावचं जेएनएमसी होतं. या वेळी सोनोग्राफीने दिवस मोजले, बाळाची देखभाल रुग्णालयातच केली. २०२० मध्ये निकाल आला : इंजेक्शन मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. औषध तेच, फरक जागेचा आणि हिशेबाचा.

खानापूर तालुक्यात नेमकं इथंच अडतं. पावसाळ्यात गवाळी, कोंगळ्यासारख्या जंगलातल्या गावांतून बाहेर पडणंच मुश्कील. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास एएनएमबाई पहिला डोस देऊन पुढे पाठवू शकतात. पण पाठवणं हाच त्यातला मोठा भाग. पहिल्या ते चौथ्या डोसात ३६ तास जातात, म्हणून पोट कडक होणं, पाणी जाणं दिसताच निघावं. १०८ ची गाडी कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे मिळते.

आणि शेवटच्या पाळीची तारीख व पहिली सोनोग्राफी तायी कार्डासोबत (महाराष्ट्रात माता-बाल कार्ड) ठेवा. माहेरी बाळंतपणाला राज्य ओलांडून जाताना हे कागद घरीच राहतात, आणि तिकडच्या डॉक्टरला आठवडे अंदाजानं धरावे लागतात.