जहाजाची फळी आणि रयतेचा आंबा

समुद्र हिंगण्यापासून शेकडो मैल दूर. पण आपल्या दारांच्या चौकटींना लागणारे सागवानच जहाजाच्या डेकलाही लागे. अंगच्या तेलामुळे ते खाऱ्या पाण्यात सहजी कुजत नाही, लोखंडी खिळ्यांनाही गंजवत नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडातील हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

त्याच्या शतकभर आधी, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवानादि वृक्ष परवानगीने तोडण्याची मुभा दिसते. आंबा-फणसही उपयोगी, पण त्यांना हात लावू नये, असे अमात्य बजावतात. हा उतारा पर्यावरणाचा दाखला म्हणून फिरवला जातो. मला त्यात रयतेची हाय अधिक ऐकू येते. ती झाडे तिने लेकरांसारखी वाढवलेली. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊनच तोडावे.