‘सोसायटी’ म्हणजे काय?

बडोदे, छाणी, बाजवा या भागात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न असतो, "कुठल्या सोसायटीत राहता?" मुळात हा शब्द घराचा नव्हे. पूर्ण नाव ‘को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड’, मराठीत ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’. बोलताना त्यातला ‘सोसायटी’ एवढाच शब्द उरला. त्याचे मूळ लॅटिन ‘सोशियस’, म्हणजे सोबती. ‘मर्यादित’चा अर्थ असा की संस्थेच्या कर्जाबद्दल सभासदाची जबाबदारी ठरावीक मर्यादेपुरतीच असते.

सहकाराशी बडोद्याचे नाते जुने आहे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये येथे ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. ती पतपुरवठ्यासाठी होती. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला, तोही पतसंस्थांपुरताच. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही संस्था काढता येऊ लागल्या. त्यानंतर १९१५ मध्ये मुंबईत गावदेवी येथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. त्यामागे रावबहादूर तालमकी होते. आज आपल्याकडे गुजरात सहकारी मंडळी कायदा, १९६१ लागू आहे.

बाजव्याला शेजारच्या फर्टिलायझरनगरमुळे फरक लगेच कळतो. कंपनीच्या कॉलनीतले क्वार्टर नोकरी असेपर्यंतचे. सोसायटी मात्र सभासदांची असते. भाग कमी असोत वा जास्त, प्रत्येक सभासदाला मत एकच.

हल्ली बिल्डरने बांधलेल्या कोणत्याही स्कीमला सोसायटी म्हणतात. तिथे नोंदणी झालेली संस्था असेलच असे नाही. म्हणून घर घेताना चार गोष्टी पाहाव्यात: संस्थेचा नोंदणी क्रमांक, विकणाऱ्याच्या नावाचे शेअर सर्टिफिकेट, बाकी नसल्याचा व ना-हरकत दाखला, आणि नोंदणीकृत दस्तऐवज. संस्थाच नसेल तर जमीन आणि सामायिक जागा कोणाच्या नावावर आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

आधीपासून सभासद असणाऱ्यांनी नामनिर्देशन केले आहे का, तेही पाहावे. ते राहून गेले असेल तर पश्चात कुटुंबाला वारसाचे कागद जमवत फिरावे लागते.