आकाशाची शिडी

पुराणकथा ऐकत वाढलेल्या पेडणे महालातील मुलांना स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामध्ये अधांतरी राहिलेला त्रिशंकू परका नव्हता. १९६९ साली मानव चंद्रावर उतरला आणि कोरगावच्या आम्हां पोरांच्या प्रश्नांना ऊत आला. माडावर माड जोडत गेल्यास आकाश गाठेल काय? चंद्रापर्यंत लांब काठी केली आणि इथून ढकलली, तर तिकडचे टोक तत्क्षणी टोचेल काय? वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असे : ‘गप्प बस!’ याउलट डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवण्यास सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून देत. पोरकट प्रश्नाचा याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही.

काठीचे उत्तर तर मोठे गमतीचे आहे. धक्का पोलादातून ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जातो. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर. तेव्हा सकाळी ढकललेल्या काठीची टोचणी तिकडे पोहोचायला सुमारे २१ तास लागतील!

माडांच्या मनोऱ्याचा विचार रशियातील शाळामास्तर त्सिओल्कोव्स्की यांनी १८९५ साली गांभीर्याने केला. पॅरिसचा आयफेल मनोरा तेव्हा नवा होता. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर वजन नाहीसे होईल, हे त्यांनी ताडले. पण एवढा मनोरा स्वतःच्या भारानेच चिरडेल. १९६० साली, पेडण्यावर अजून पोर्तुगीज अंमल असताना, लेनिनग्राडच्या युरी आर्तसुतानोव यांनी प्रश्नच उलटा केला : खालून बांधण्याऐवजी वरून दोर सोडावा. त्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागेवर स्थिर दिसतो. त्याच्यापासून एक दोर खाली आणि तोल राखण्यासाठी दुसरा वर.

अडले ते दोराशी. उत्तम पोलादाची एकसारख्या जाडीची तार पंचवीस-तीस किलोमीटर लोंबताच स्वतःच्या वजनाने तुटते. १९९१ साली सुमियो इजिमा यांच्या निबंधामुळे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे जगाचे लक्ष गेले व आशा पालवली. मात्र २०१३ साली चीनमध्ये तयार झालेली विक्रमी लांबीची अखंड नळीही अर्ध्या मीटरहून जेमतेमच अधिक होती.

शिवाय असा उपग्रह स्थिर राहतो तो विषुववृत्तावरच. म्हणजे दोराचे खालचे टोक कोरगावात येणे नाही. इथून सरळ दक्षिणेस सुमारे १,७०० किलोमीटर, मालदीवच्या बेटांजवळ भर समुद्रात ते बांधावे लागेल.