साडेपाच तासांची कुळकथा

कूटचलनाच्या, म्हणजे रूढ बोलीत क्रिप्टोच्या, बाजाराला उघडण्याची घंटा नाही आणि सुट्टीचा वारही नाही. तरीही भावांचे आलेख दिवसांत विभागावे लागतातच, आणि ही विभागणी बहुतेक ठिकाणी यूटीसीच्या, म्हणजे समन्वित जागतिक वेळेच्या, मध्यरात्री होते, जेव्हा भारतात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. हा साडेपाचाचा आकडा भूगोलातून आपोआप निघालेला नाही. तो ठरवावा लागला, आणि मुंबईच्या गळी तो सहजासहजी उतरला नाही.

पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणून रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे सूर्यानुसार चार मिनिटांचा फरक पडतो आणि एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मोठ्या शहराची वेळ निराळी असे. मुंबई ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती, तर रेल्वेने स्वीकारलेली मद्रासची वेळ 5 तास 21 मिनिटे पुढे. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय पुढे पुण्यात उभे राहिले, त्या गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी 1881 मध्ये मुंबईला मद्रासची वेळ लागू करून पाहिली. परंतु शहराने ती मानली नाही, आणि विद्यापीठाच्या मनोऱ्यावरील घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवते म्हणून त्याच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारण्यापर्यंत सरकारची मजल गेली, तरी 1883 मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन येथील परिषदेने ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य मानले. त्याच्या पूर्वेस साडेब्याऐंशी अंशांवरील रेखावृत्ताची वेळ 1 जानेवारी 1906 पासून भारताची प्रमाणवेळ झाली, तेव्हा मुंबईची घड्याळे 39 मिनिटे पुढे सरकवणे भाग होते. त्या महिन्यात कापडगिरण्यांच्या कामगारांनी विरोध केला, आणि नगरपालिकेने तर जुनी मुंबई वेळ स्वातंत्र्यानंतरही काही काळ जपली. परकीय सत्तेने दिलेली वेळ नाकारणे हा तेव्हा राजकीय अस्मितेचाच भाग होता, हे विसरले की हा हट्ट निव्वळ विक्षिप्त वाटू लागतो.

ग्रिनिचची वेळ पृथ्वीच्या फिरण्यावर आधारलेली होती, आणि ते फिरणे पुरेसे नियमित नाही. 1967 मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या 9,192,631,770 आंदोलनांवर बांधण्यात आली, आणि 1972 पासून यूटीसीला आजचे रूप मिळाले: मोजणी अणुघड्याळांची, परंतु पृथ्वीपासूनचे अंतर एका सेकंदाच्या आत राहावे म्हणून अधूनमधून जोडलेला जादा सेकंद, ज्याला लीप सेकंद म्हणतात. संगणकांनी मात्र सोपी वाट धरली. 1 जानेवारी 1970 च्या यूटीसी मध्यरात्रीपासून सेकंद मोजायचे, प्रत्येक दिवस 86,400 सेकंदांचाच धरायचा आणि लीप सेकंदांकडे काणाडोळा करायचा, अशी ही युनिक्स वेळ आहे.

बिटकॉइनच्या प्रत्येक खंडावर, म्हणजे व्यवहारांच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यावर, हीच वेळ नोंदवली जाते. पहिल्या खंडावरील नोंद 3 जानेवारी 2009 रोजी 18 वाजून 15 मिनिटे 5 सेकंदांची आहे, म्हणजे भारतीय वेळेनुसार रात्री पावणेबारा वाजून 5 सेकंदांची. गंमत अशी की अणुघड्याळांच्या काटेकोरपणाचा हा वारस स्वतः बराच सैल आहे: खंडाची वेळ आधीच्या अकरा खंडांच्या मध्यमूल्याहून पुढची हवी आणि तो तपासणाऱ्या संगणकाच्या वेळेच्या दोन तासांहून अधिक पुढे नको, एवढीच अट असल्याने पुढच्या खंडावर मागच्यापेक्षा आधीची वेळही दिसू शकते.

भारतीय वेळेत रूपांतर करताना यूटीसीमध्ये साडेपाच तास मिळवायचे, आणि बेरीज 24 किंवा त्याहून अधिक झाली तर तारीखही बदलायची. अनेक बाजारांत मुदत नसलेल्या वायद्यांचे फंडिंग, म्हणजे तेजीवाले व मंदीवाले यांच्यातील ठरावीक देणे, यूटीसीच्या 0, 8 आणि 16 वाजता होते. ते भारतात पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊला पडते व वर्षभर तसेच राहते, कारण यूटीसी आणि भारतीय वेळ दोन्ही उन्हाळ्यात बदलत नाहीत. न्यूयॉर्कचे तसे नाही. तेथील शेअर बाजार भारतीय घड्याळात उन्हाळ्यात सायंकाळी सातला, तर हिवाळ्यात आठला उघडतो, आणि त्याचे पडसाद क्रिप्टोच्या भावांत उमटतात. तारखेची चूक अधिक महाग पडते: 31 मार्च रोजी यूटीसीच्या साडेअठरा वाजता भारतात 1 एप्रिल लागतो, त्यामुळे बाजाराने दिलेल्या यूटीसी तारखा तशाच वहीत उतरवल्या, तर त्यानंतरच्या साडेपाच तासांतील व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात.