रेगेन्सबुर्ग १५४१: एकमत झालं होतं, पण नेमकं कशावर?

धर्मसुधारणेची गोष्ट आपल्याला साधारण अशी माहीत असते: १५१७ साली ल्यूथरने पापक्षमापत्रांवर हल्ला चढवला, पोपने त्याला बहिष्कृत केलं, चर्च फुटलं, युद्धं झाली. मधलं एक पान मात्र सहसा गाळलं जातं. १५४१च्या वसंतात जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पंडित समोरासमोर बसले आणि ज्या मुद्द्यावरून सगळं बिनसलं होतं, नेमक्या त्याच मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं!

ही बैठक बोलावली होती सम्राट पाचव्या चार्ल्सने. तुर्कांचं संकट दारात होतं, त्यामुळे त्याला साम्राज्यात एकी हवी होती. दोन्हीकडून तीन-तीन पंडित निवडले गेले. प्रोटेस्टंटांकडून मेलांख्थोन आणि बुत्सर होते, कॅथलिकांकडून ग्रोपर होता. पोपचा प्रतिनिधी म्हणून कार्डिनल गास्पारो कोंतारिनी आला होता. तो समेटाच्या बाजूचा माणूस.

वादाचा मुद्दा समजायला मराठी बायबलमधला एक शब्दप्रयोग उपयोगी पडतो: ‘नीतिमान ठरवणे’. पौलाच्या पत्रांत तो वारंवार येतो. आता बघा, ‘नीतिमान ठरवणे’ आणि ‘नीतिमान करणे’ यांत फरक आहे की नाही? न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो, पण त्यामुळे त्याचा स्वभाव बदलतो असं नाही. वैद्य मात्र रोग्याला बरा करतो. प्रोटेस्टंटांचा भर ‘ठरवणे’वर होता: ख्रिस्ताचं नीतिमत्त्व देव माणसाच्या खात्यावर मांडतो. कॅथलिकांचा भर ‘करणे’वर होता: देवाची कृपा माणसाला आतून बदलते.

२ मे १५४१ रोजी मान्य झालेल्या कलम ५मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र बसवल्या होत्या. माणूस जिवंत आणि कार्यशील विश्वासाने नीतिमान ठरतो. त्याच्यात बदलही होतो, पण भरवसा ठेवायचा तो ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर. रेगेन्सबुर्गमध्ये हजर असलेल्या कॅल्व्हिनलाही समोरच्यांनी इतकं मान्य केलं याचं आश्चर्य वाटलं. ल्यूथरला मात्र हे ठिगळं जोडलेलं काम वाटलं. रोमनेही ते स्वीकारलं नाही.

का? कलम निव्वळ फसवं होतं असं मी म्हणणार नाही, आणि अभ्यासकांचंही यावर एकमत नाही. पण माझ्या मते खरी अडचण अशी: वाक्यं दोघांची होती, अर्थ मात्र प्रत्येकाने आपापला लावला. फरक मिटला नव्हता, झाकला गेला होता.

बैठक मोडली ती पुढे, प्रभुभोजनाच्या मुद्द्यावर. भाकर आणि द्राक्षारस यांचं मूळ द्रव्यच बदलून ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं, या शिकवणीसाठी १२१५च्या लॅटरन परिषदेने वापरलेला शब्द कोंतारिनीला सोडायचा नव्हता. ‘ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो’ एवढंच लिहून भागलं असतं; ल्यूथरचे अनुयायीही तेवढं मानत होते. कोंतारिनीने ती पळवाट नाकारली. दोन अर्थांचा शब्द लिहून मिळवलेली एकी त्याला नको होती.

यासाठी त्याला हटवादी म्हणता येईल. मला मात्र तो सगळ्या बैठकीतला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. समेट ज्याला मनापासून हवा होता, त्यानेच खोटा समेट नाकारला. पुढच्याच वर्षी तो वारला. १५४७मध्ये ट्रेंट परिषदेने ‘करणे’ची बाजू ठामपणे मांडली आणि दार बंद झालं.

ते दार पुन्हा किलकिलं व्हायला साडेचारशे वर्षं लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याची रचना मुद्दाम पाहा. प्रत्येक वादग्रस्त मुद्द्यावर आधी ‘आम्ही मिळून काय मानतो’ ते येतं. मग त्यावर कॅथलिक काय म्हणतात आणि लुथरन काय म्हणतात, ते वेगवेगळ्या परिच्छेदांत. म्हणजे फरक एका वाक्यात कोंबलेला नाही, उघड्यावर ठेवलाय. चर्चचा अधिकार, धर्मसेवकपद, संस्कार हे प्रश्न अजून शिल्लक आहेत, हेही त्यातच लिहिलंय.

सगळे खूश झाले नाहीत. जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी जाहीर विरोध केला. आजही या दोन चर्चचं प्रभुभोजन एकत्र होत नाही. तरी दस्तऐवज टिकला. मेथॉडिस्ट २००६मध्ये आणि रिफॉर्म्ड चर्चेस २०१७मध्ये त्यात सामील झाली.

आंतरधर्मीय संवाद म्हटलं की ‘शेवटी सगळे एकच सांगतात’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. हेतू चांगलाच असतो. पण समोरचा नेमकं काय मानतो हे ऐकून घ्यायची गरज त्या वाक्याने संपते. रेगेन्सबुर्ग आणि आउग्सबुर्ग शेजारी ठेवून वाचले की कळतं, मतभेद नीट शब्दांत मांडता येणं हीच संवादाची सुरुवात असते.