मराठी शाळेचा शिक्षक आणि विधिमंडळ : कुलाबा किनाऱ्याच्या संदर्भात एक विचार

१

शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या किंवा तो पेशा सोडलेल्या, स्थानिक शिक्षणमंडळावर काही काळ काम केलेल्या गृहस्थाने पुढे राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढवावी, ही गोष्ट अनेक लोकशाही देशांत इतकी स्वाभाविक मानली जाते की तिच्याविषयी कोणी निबंध लिहिणार नाही. आपल्याकडे मात्र या वाटचालीस एक विशेष इतिहास आहे. शिक्षक विधिमंडळात जाऊ शकतो काय, एवढा साधा प्रश्न विचारला तर उत्तर होकारार्थी येते; परंतु कोणता शिक्षक, असे पुढे विचारताच उत्तर दुभंगते. हा भेद कोठून आला याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, म्हणजे १ जानेवारी १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, हा या शोधाचा प्रदेश आहे. आणि हा प्रदेश ज्या कोकण पट्टीचा भाग आहे तिच्यातूनच या इतिहासातील काही प्रमुख व्यक्ती पुढे आल्या आहेत.

या किनाऱ्यावर प्राथमिक शाळेला लोक आजही 'मराठी शाळा' म्हणतात. तिच्या पुढची शाळा ती 'हायस्कूल'. पहिल्या शाळेतील शिक्षक 'मास्तर', 'गुरुजी' किंवा 'बाई'. दुसऱ्या शाळेतील शिक्षक 'सर'. मास्तर हा इंग्रजी शब्द मराठीत इतका मुरला की त्याचे परकेपण नाहीसे झाले. पोर्तुगीज भाषेतून आलेल्या 'मेस्त्री' या शब्दाचे आणि त्याचे मूळ एकच आहे, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. 'सर' या संबोधनाचे इंग्रजीपण मात्र कायम राहिले, आणि त्याबरोबर त्याची प्रतिष्ठाही. संबोधनांतील हा भेद केवळ लोकव्यवहारातला आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु भारतीय संविधानाच्या एका अनुच्छेदात शिक्षकांच्या मताधिकाराची जी सीमा आखली आहे, ती जवळजवळ याच रेषेवरून जाते. हा योगायोग नव्हे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

शिक्षणमंडळातून विधिमंडळात जाण्याची आपल्याकडील पहिली ठळक वाटचाल जगन्नाथ शंकरशेट यांची होय. १८४० मध्ये मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांकडे गेले तेही याच सुमारास. शंकरशेट या बोर्डाचे सभासद होते. शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावे याविषयी बोर्डात १८४७-४८ च्या सुमारास तीव्र वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे पुरस्कर्ते होते. कर्नल जर्व्हिस आणि शंकरशेट देशी भाषांच्या बाजूस होते. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने तडजोडीचा मार्ग काढला : बहुजनांच्या शिक्षणास देशी भाषा आणि वरच्या शिक्षणास इंग्रजी. १८५५ मध्ये बोर्ड जाऊन त्याच्या जागी शिक्षणखाते आले, आणि १८६२ मध्ये शंकरशेट मुंबईच्या कायदेकौन्सिलात नियुक्त झाले.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक, विधिमंडळात गेला तो शाळेचा पालनकर्ता, शिकविणारा नव्हे. दुसरी, 'मराठी शाळा' आणि 'इंग्रजी शाळा' या दोन पायऱ्या खलित्यानंतर पक्क्या झाल्या. प्राथमिक आणि माध्यमिक हे शब्द आपण आज वयाच्या किंवा इयत्तेच्या अर्थाने वापरतो. मुंबई इलाख्यात मात्र त्यांच्या मुळाशी भाषेचा भेद होता. मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य गावात शिकलासवरला समजला जाई, शिक्षक होई. पण इंग्रजी शिक्षणाच्या शिडीवर त्याला पहिली पायरीही चढलेला मानीत नसत.

३

शिकविणारा मनुष्य कायदेकौन्सिलात गेल्याची सर्वांत परिचित उदाहरणे कोकणच्याच दोन सुपुत्रांची आहेत. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे १८६६ मध्ये जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज येथे शिकवीत असतानाच १८९९ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलवर निवडून आले; कॉलेजातून ते निवृत्त झाले ते १९०२ मध्ये. पुढे वरिष्ठ कायदेकौन्सिलात त्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. दापोली तालुक्यातील मुर्डी या गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच कौन्सिलचे सभासद झाले आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री.

या दोघांना शिकविणे न सोडता कायदेमंडळात बसता आले, याचे कारण त्यांची संस्था खाजगी होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सभासद सरकारचा नोकर नव्हता. सरकारी शिक्षकाची स्थिती किती वेगळी होती हे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या चरित्रावरून दिसते. निबंधमालेचा लेखक रत्नागिरीस बदलून गेला. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. मत मांडावयाचे तर नोकरी सोडावी लागते, हा धडा त्या पिढीने घेतला आणि खाजगी शाळा काढल्या. मराठी शाळेच्या शिक्षकाला मात्र तो मार्ग नव्हता. त्याची शाळा खाजगी निघणे दुर्मिळ होते. ती आधी सरकारची आणि पुढे लोकल बोर्डाची होती.

४

परांजपे यांच्या मंत्रिपदाच्या काळातच १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला आणि जिल्हा लोकल बोर्डांच्या अंतर्गत स्कूल बोर्डे आली. कुलाबा जिल्ह्यापुरते याचे केंद्र अलिबाग होते. हेतू उदात्त होता. शिक्षण लोकांचे, म्हणून त्याचा कारभारही लोकनियुक्त मंडळाकडे असावा, ही उदारमतवादी श्रद्धा त्यामागे होती. परंतु त्या काळचा मताधिकार महसूल आणि मालमत्ता यांवर आधारलेला होता. म्हणजे 'लोकनियुक्त' या शब्दातील 'लोक' कोण, हे जमिनीच्या खात्यावरून ठरत असे.

कुलाब्यात या प्रश्नाला विशेष धार होती, कारण हा खोतीचा मुलूख. अलिबाग तालुक्यातील चरी येथे ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी न कसण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९४९ उजाडले. अशा गावात अर्ज लिहून देणारा, नोटीस वाचून दाखविणारा, पावतीवरील आकडा बरोबर आहे की नाही हे सांगणारा मनुष्य म्हणजे बहुधा शाळामास्तर. त्याच्या साक्षरतेला राजकीय मोल होते. आणि म्हणूनच त्याच्या बदलीलाही होते. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या यांत स्थानिक राजकारण शिरते, अशी टीका सर्व इलाख्यात वाढली. १९२९ च्या हार्टोग समितीने स्थानिक संस्थांकडे घाईने अधिकार सोपविल्याबद्दल नापसंती दर्शविली. १९३८ च्या दुरुस्तीने कारभार सरकारनियुक्त प्रशासनाधिकाऱ्याकडे झुकला. १९४७ च्या कायद्याने ही व्यवस्था अधिक दृढ केली. आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येताच जिल्हा स्कूल बोर्डांची जागा परिषदेच्या शिक्षण समितीने घेतली.

या चाळीस वर्षांत धनी तीनदा बदलला. शिक्षक मात्र प्रत्येक वेळी नोकरच राहिला. आजही जिल्हा परिषदेच्या शिक्षकास सेवेत असताना विधिमंडळाच्या निवडणुकीस उभे राहता येत नाही. त्याने राजीनामा द्यावा किंवा निवृत्त व्हावे. मराठी शाळेच्या शिक्षकापुरता 'माजी' हा शब्द म्हणूनच उमेदवारीच्या अटीसारखा आहे. तो सेवेत असतो तेव्हा निवडणुकीशी त्याचा संबंध वेगळ्या प्रकारचा असतो. मतदान त्याच्या शाळेच्या वर्गात होते, आणि मतदान अधिकारी म्हणून खुर्चीवर बहुधा तो किंवा त्याचा सहव्यवसायी बसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शिक्षकांवरील अन्य कामे बंद करताना निवडणुकीचे काम वगळले नाही. सगळ्यांची निवडणूक तो पार पाडतो, स्वतःची सोडून.

५

आता संविधानाकडे वळू. १९४८ च्या मसुद्यात राज्यांच्या विधान परिषदांसाठी आयर्लंडच्या धर्तीवर विविध ज्ञानक्षेत्रांच्या नामिकांची कल्पना होती. अंतिम रूपात ती मागे पडली आणि अनुच्छेद १७१ मध्ये वेगळी वाटणी आली. एक तृतीयांश सभासद नगरपालिका, जिल्हा मंडळे आदी स्थानिक संस्थांनी, एक द्वादशांश पदवीधरांनी आणि एक द्वादशांश शिक्षकांनी निवडावयाचे. उरलेले विधानसभेने निवडलेले आणि राज्यपालांनी नियुक्त केलेले. महाराष्ट्राच्या ७८ सभासदांच्या परिषदेत यानुसार २२ जागा स्थानिक संस्थांच्या, ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या आहेत. शिक्षक म्हणजे कोण? माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाची नसलेल्या संस्थेत किमान तीन वर्षे अध्यापन केलेला.

या वाटणीकडे मराठी शाळेच्या खिडकीतून पाहावे. शाळेचा धनी जो स्थानिक संस्थेचा सभासद, त्याला परिषदेच्या एक तृतीयांश जागांसाठी मत आहे. शेजारच्या हायस्कुलातील 'सरां'ना शिक्षक म्हणून मत आहे. 'गुरुजीं'ना शिक्षक म्हणून मत नाही. ते पदवीधर असतील तर पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवू शकतात. परंतु तेथे त्यांची गणना होते ती पदवीमुळे. तीस-पस्तीस वर्षे जे काम केले त्यामुळे नव्हे.

या मर्यादेचे समर्थन करणारे दोन युक्तिवाद विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला संख्येचा : प्राथमिक शिक्षक इतके आहेत की त्यांच्या मतांपुढे अन्य शिक्षकांचे मत निष्प्रभ होईल. दुसरा विद्वत्तेचा : परिषद हे ज्येष्ठांचे व जाणत्यांचे सभागृह, म्हणून मतदारही उच्च शिक्षणाशी संबंधित असावेत. पहिल्या युक्तिवादात तथ्य आहे. पण संख्या जास्त म्हणून आवाज नको, हे तत्त्व लोकशाहीत इतरत्र कोणी मान्य करीत नाही. दुसरा युक्तिवाद उमेदवाराच्या पात्रतेकडे पाहिले म्हणजे कोसळतो. शिक्षक मतदारसंघाचा उमेदवार स्वतः शिक्षक असावा अशी अट संविधानात नाही. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार पदवीधर असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये नारायणस्वामी यांच्या प्रकरणात दिला, आणि त्यातील तर्क शिक्षक मतदारसंघासही तसाच लागू पडतो. म्हणजे निवडून येणाऱ्याने कधी खडू हाती धरला नसला तरी चालते. मत देणाऱ्याने मात्र माध्यमिक वर्गातच तो धरलेला असला पाहिजे.

६

ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे मिळून कोकण विभाग शिक्षक मतदारसंघ होतो. येथे २०१७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील निवडून आले; रायगड जिल्ह्यात या पक्षाची परंपरा जुनी आहे. जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी त्यांचा पराभव केला. त्या निवडणुकीत जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न सर्वत्र गाजला. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी योजना लागू नाही, ही तक्रार माध्यमिक शिक्षकांची जितकी, तितकीच प्राथमिक शिक्षकांचीही होती. प्रश्न दोघांचा एकच. त्यावर शिक्षक म्हणून मत देण्याचा अधिकार मात्र एकालाच.

विधानसभेच्या सभासदास मराठीत आपण 'आमदार' म्हणतो, आणि संसदेच्या सभासदास 'खासदार'. 'आम' म्हणजे सर्वसाधारण, 'खास' म्हणजे विशेष. परिषदेच्या सभासदासही आमदारच म्हणावयाचे, ही भाषेची सवय आहे. 'शिक्षक आमदार' या रूढ शब्दप्रयोगात यामुळे एक विसंगती राहून गेली आहे : नाव सर्वसाधारणाचे आणि मतदारसंघ विशेषांचा, तोही असा की शिक्षकांतील जे सर्वांत सर्वसाधारण, तेच त्याबाहेर.

७

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. अनुच्छेद १७१ च्या कर्त्यांनी मराठी शाळेच्या शिक्षकाला जाणूनबुजून वगळले, असे म्हणावयाचे नाही. त्यांनी 'माध्यमिक' ही हाताशी असलेली सीमा घेतली. परंतु मुंबई इलाख्यात ती सीमा शिक्षणाच्या इयत्तेइतकीच शिक्षणाच्या भाषेचीही होती. १८४७-४८ च्या वादातील पराभूत पक्षाच्या अंगणातून ती गेली होती. भाषेवरून पडलेली रेषा प्रथम वेतनाची झाली, मग प्रतिष्ठेची झाली, आणि अखेर मताधिकाराची झाली. दरम्यान जिच्यावरून ती आखली गेली ती परिस्थितीच पालटली. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम बव्हंशी मराठी झाले, प्राथमिक शाळांत पदवीधर शिक्षक आले, आठवीचे वर्ग काही जिल्हा परिषद शाळांस जोडले गेले. रेषा तेवढी जागच्या जागी राहिली.

महात्मा फुले हे शाळा चालविणारे आणि १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला, आणि त्यासाठी शिक्षकही शेतकरी वर्गातून घ्यावेत असे सुचविले. तसे शिक्षक पुढे आले. कुलाब्याच्या खाडीकाठच्या गावांतूनही आले. त्यांना शिकविण्याचा अधिकार मिळाला. ज्या सभागृहात शिक्षकांसाठी म्हणून जागा राखलेल्या आहेत, तेथे त्यांच्या वतीने कोणी बोलावे हे ठरविण्याचा अधिकार अद्याप मिळावयाचा आहे. तो देण्यासाठी अनुच्छेदातील एका शब्दाची फेररचना पुरेशी आहे, आणि तिची चर्चा करण्याचे काम केवळ राजकीय पक्षांवर सोपविण्याचे कारण नाही. भाषा आणि शिक्षण यांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांचाही तो विषय आहे.